अनुक्रमांक सतरा

सकाळी साडेनऊला शिपायाने टेबलावर आणून टाकलेल्या पत्रात सतरा नंबरचा पक्षी होता, आणि त्याने म्हणे चार अंडी घातली होती. तिने पत्र एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मंजुरी खात्याचं पत्र, भाषा नेहमीचीच, जांभई देत लिहिलेली. बंद पडलेल्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यावर जो सौर प्रकल्प उभा राहणार आहे त्याविरुद्ध एका नागरिकाची हरकत आली आहे. हरकतदाराचं म्हणणं असं, की आपल्याच अहवालातल्या पक्ष्यांच्या तक्त्यात अनुक्रमांक सतरावर जो पक्षी आहे, ज्याच्यापुढे 'दुर्मीळ. विणीच्या काळात काम करू नये' असा शेरा आहे, तो त्या राखेवर अंडी उबवत बसला आहे. तरी आज सायंकाळी पाचपर्यंत लेखी खुलासा करावा, अन्यथा काम थांबवण्याचा विचार करावा लागेल. सोमवारी तिथे राख सपाट करणारी यंत्रं लागायची होती. हे सगळं ठीक होतं. हरकती येतात, खुलासे जातात, यंत्रं लागतात. ठीक नव्हतं ते एवढंच, की सतरा नंबरचा पक्षी जगात नव्हता. तो तिने केला होता. बावीस वर्षांपूर्वी, याच टेबलाशी बसून, दुपारच्या चहाच्या आधी. आणि आता तो अंडी घालून बसला होता. तिच्या हातावर काटा आला, आणि काटा आला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ऑफिसात तिला मागून पाखरंबाई म्हणत, तोंडावर मॅडम. ज्याला कुणाला वीज तयार करायची असेल त्याला 'निसर्गावर परिणाम नगण्य' असं तीनशे पानांत लिहून द्यायचं, हा ऑफिसचा धंदा. हवेचं प्रकरण एक माणूस लिही, पाण्याचं दुसरा, आणि पाचवं प्रकरण, सजीव, तिच्या गळ्यात मारलेलं. कोळशाच्या केंद्राचं पाचवं प्रकरण तिने लिहिलं, धरणाचं लिहिलं, गॅसचं, पवनचक्क्यांचं, आणि एकदा समुद्रकाठच्या अणुकेंद्राचंही, ज्याच्या कोमट पाण्याला भुलून मासे गोळा व्हायचे आणि केंद्र दुरुस्तीला बंद झालं की गारठून पोटावर तरंगायचे. तेही नगण्य. पवनचक्कीखाली वटवाघळं पडलेली असत, अंगावर एक ओरखडा नाही, आत मात्र सगळं फुटलेलं, तीही नगण्य. एक महाभाग तर जंगल तोडून त्या लाकडावर वीज करणार होता आणि तिला हिरवी वीज म्हणत होता. त्याच्या बैठकीत ती इतकी हसली की खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. विरोधकांचंही तिला काही कौतुक नव्हतं. जनसुनावणीला येत, माइकवरून नदीसाठी गळा काढत, आणि खाली उतरले की पहिला प्रश्न, फोन चार्ज करायला कुठे लावू? वीज सगळ्यांना हवी, आणि ती कुणाच्या तरी अंगणात हगते हे कुणाला बघायचं नाही. म्हणून तर ऑफिस होतं. म्हणून तर ती होती.

अहवाल लिहायची रीत साधी होती. या रीतीला ऑफिसात 'जुन्यावरून नवं' म्हणत. मागचा अहवाल घ्यायचा, प्रकल्पाचं नाव बदलायचं, नकाशा बदलायचा. पक्ष्यांचा तक्ता जसाच्या तसा. तक्त्यात चार रकाने: क्रमांक, नाव, शेरा, आणि चौथा रकाना 'कसे कळले' याचा, त्यात दोनच शब्द चालत, 'प्रत्यक्ष' किंवा 'संदर्भ'. प्रत्यक्ष म्हणजे लिहिणाऱ्याने जागेवर जाऊन पाहिलं. संदर्भ म्हणजे पुस्तकात वाचलं. तिच्या चाळीस अहवालांत खालपासून वरपर्यंत संदर्भ, संदर्भ, संदर्भ. जागेवर जायची पद्धतच नव्हती. गेलं की काहीतरी दिसतं, दिसलं की लिहावं लागतं. फक्त सतरा नंबरपुढे 'प्रत्यक्ष' होतं, आणि तेही नकलत नकलत चाळीस ठिकाणी गेलं होतं. डोंगरावर, खाडीत, वाळवंटात, सगळीकडे तो एकच पक्षी प्रत्यक्ष दिसला होता. 'राखकंठी. मान व छाती राखाडी.' आणि कुणी, एकाही माईच्या लालाने, बावीस वर्षांत विचारलं नव्हतं की बाई, हा कुठला पक्षी?

"काय हो हे सतरा नंबरचं लफडं?" मालकांनी विचारलं. मालक म्हणजे ऑफिसचे मालक, काचेच्या खोलीत बसत, आणि खोलीचं तापमान एवढं उतरवून ठेवत की आत गेलेल्या माणसाचा सगळा आवेश दोन मिनिटांत गोठावा.

"अहवालावर सही तुमची आहे," ती म्हणाली.

"मी सही करतो, बाई. वाचतो कुठे? वाचत बसलो तर सह्या कधी करू?" त्यांनी एक टाईप केलेला कागद तिच्याकडे सरकवला. "काही नाही, एक ओळ आहे. तुमच्या नावाने. सही करा आणि मोकळ्या व्हा."

ओळ अशी होती: अनुक्रमांक १७ टंकलेखनातील नजरचुकीने समाविष्ट झाला असून सदर पक्षी या परिसरात आढळत नाही. खाली तिचं पद, आणि सहीसाठी ठिपक्यांची रेघ. ओळीत काही वावगं नव्हतं. खोटं तर त्यात मूळ तक्त्यापेक्षा कमीच होतं. सही केली की सोमवारी यंत्रं लागतील, पाचवं प्रकरण पुन्हा झोपी जाईल, चार वर्षांनी ती निवृत्त होईल, आणि कुणीतरी तिच्या टेबलाशी बसून जुन्यावरून नवं करील. सतरा नंबर तेवढा खोडलेला असेल. तिने पेन काढलं. मग टोपण लावलं.

"बघून येते," ती म्हणाली.

"काय बघून येता?"

"जागा."

मालक आधी हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "बाई, बरं आहे ना? बावीस वर्षांत तुम्ही कधी—"

"म्हणूनच."

"पाच वाजेपर्यंत कागद गेला पाहिजे. आणि हे बघा, तो पुतण्या आहे ना तुमचा, त्याचा पहिला प्रकल्प आहे. घरातल्या घरात घोळ घालू नका."

पुतण्या खाली गाडी घेऊन उभाच होता. म्हणजे मालकांनी त्याला आधीच फोन केला होता. दादाचा मुलगा, सौर कंपनीत लागल्यापासून ती त्याला सूर्याजी म्हणायची, आणि तो बिचारा ते कौतुक समजायचा. गाडी विजेवर चालणारी, आवाज न करणारी. "आत्या, एका ओळीचा तर प्रश्न आहे गं," गाडी रस्त्याला लागते न लागते तोच त्याने सुरू केलं. "राखच राख आहे तिथे. काही उगवत नाही, काही जगत नाही. अशा मेलेल्या जागेवर आम्ही काचा मांडतोय तर त्याचंही लोकांना दुखतं! शेतं घेतली तर म्हणतात शेतं घेतली." तो खरं बोलत होता, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. तरुण, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत भाबडी चमक. या काचा पंचवीस वर्षांनी टाकणार कुठे, असं तिने त्याला एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, तोवर काहीतरी निघेल. तिच्या घरात प्रत्येक पिढी हेच म्हणत आली होती. वडील, म्हणजे अण्णा, धरणावर अभियंता, दादा कोळशाच्या केंद्रात बॉयलरवर, हा उन्हावर. घर कसलं, विजेचं प्रदर्शन. सुटीच्या दिवशी जेवायला बसले की प्रत्येकाला दुसऱ्याच्या विजेचा वास यायचा. पाण्याची वीज ती वीज, अण्णा म्हणायचे, धूर नाही की राख नाही. तुमचं पाणी आटलं की लोकांच्या घरी दिवा कोण लावतं, दादा ताटावरून मान वर न करता विचारायचा, आणि मग आपल्या चिमणीची उंची सांगायचा. पावणेदोनशे मीटर. जशी काही ती त्यानेच बांधली होती. चिमणी उंच कशासाठी, तर धूर आपल्या अंगणात न पडता लांबच्यांच्या अंगणात पडावा, एवढंच त्यात शहाणपण. आता दादा खुर्चीत बसलेला असतो, नाकात नळी, शेजारी हवा गाळून देणारं यंत्र गुरगुरत. वीज गेली की पाच मिनिटांत ओठ काळेनिळे पडतात. तरी परवा ती भेटायला गेली तेव्हा यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "चिमे, किती करंट खातं बघ हे. आमच्या वेळचं केंद्र असतं तर काही वाटलं नसतं." तिला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली होती, आणि त्याच्या पायांवरची शाल नीट करून ती घरी आली होती.

अण्णांवरचा राग जुना होता, मुरलेला. ती आठ वर्षांची होती. धरणाची वसाहत, सारख्या चाळीस खोल्या, सारखे हिरवे दरवाजे, आणि सगळ्यांवर सिमेंटची पूड. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, केसांत. दाताखाली कचकच यायची. भिंत अर्धी झाली होती आणि नदी अजून तिच्या वाटेने जात होती. शाळा सुटली की ती खाली वाळूच्या बेटापर्यंत जायची, जायला बंदी होती म्हणूनच जायची. तिथे एके दिवशी तो पक्षी उभा होता. बारीक उंच पाय, आणि चोचीपासून छातीपर्यंत सगळा राखाडी, एकसारखा, दगडातून काढल्यासारखा. तो तिच्याकडे बघत होता. तो चोच उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता, आणि आवाज येत नव्हता. वर काँक्रीट कालवायचं यंत्र धडधडत होतं, त्यात सगळं बुडून गेलं होतं. पण तिला तेव्हा वाटलं, की या पक्ष्याला आवाजच नाही. पुढे सरकली तसा तो तिच्या अंगावर धावून आला, पंख पसरून, मुक्याने. ती पळत घरी आली. घरी अण्णांचे साहेब चहाला आले होते. ती धापा टाकत म्हणाली, अण्णा, चला, दाखवते, नदीवर राखाडी मानेचा मुका पक्षी आहे. अण्णांनी कपातला चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "दिसली असेल टिटवी." साहेब हसले. साहेब हसले म्हणून अण्णा हसले. "अण्णा, चला ना." "कामं पडलीत, चिमे." एवढंच. पुढल्या वर्षी पाणी अडवलं. बेट एका दिवसात बुडालं नाही, तीन आठवडे लागले, रोज वीतभर. ती वरच्या रस्त्यावरून बघायची. मग झाडं बुडाली, न तोडता बुडवलेली, आणि पुढे कित्येक वर्षं त्या पाण्याला कुजका वास यायचा आणि मधूनच बुडबुडे यायचे, खाली कुणी श्वास सोडतंय असे. अण्णा मात्र पाहुण्यांना भिंतीवर नेऊन सांगायचे, स्वच्छ वीज. धूर नाही, राख नाही.

तिने प्राणिशास्त्र घेतलं ते या एका वाक्याच्या रागाने. दिसली असेल टिटवी! टिटवीची मान राखाडी असते काय? टिटवी मुकी असते काय? टिटवीइतकं बोंबलणारं पाखरू दुसरं नाही. कॉलेजात तिने सगळी पुस्तकं पालथी घातली, संग्रहालयातले खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या माना बघितल्या. तसा पक्षी कुठेच नव्हता. मग तो त्या बेटावरच तेवढा असेल, शेवटचा, आणि आपल्या बापाने चहा पिता पिता तो बुडवला असेल, अशी तिची खात्री होत गेली, आणि त्या खात्रीवर तिने आयुष्य काढलं. लग्न केलं नाही, अण्णांच्या आजारपणात त्यांचं सगळं केलं, पण त्या पक्ष्याचा विषय कधी काढला नाही. ऑफिसात लागली, पहिला अहवाल हातात आला तोही एका धरणाचा, सोळा पक्षी झाले होते, आणि हात आपोआप पुढे गेला. सतरा. राखकंठी. दुर्मीळ. प्रत्यक्ष. कुणी विचारलं तर भांडायचं असं तिने ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही. दर अहवालाला तिच्या पोटात एक कडू गुदगुली होत गेली: बघा, आंधळ्यांनो, तुमच्या नाकाखालून नेतेय. चाळीस वेळा.

"आलो," सूर्याजी म्हणाला. बंद केंद्राची चिमणी तशीच उभी होती, दादाची लाडकी, आता तिच्या तोंडातून काही निघत नव्हतं. तिच्या पायथ्यापासून ते थेट पलीकडच्या टेकडीपर्यंत राख. तळं म्हणायचं ते सवयीने. पाणी मधे कुठेतरी उथळ चमकत होतं, बाकी सगळं करडं, सपाट, पायाखाली पिठासारखं. सूर्याजी आपल्या बुटांकडे बघून म्हणाला, "मी थांबतो गाडीतच. लवकर ये. अकरा वाजलेत." तिला आश्चर्य वाटलं नाही. ती एकटी निघाली.

बांधावर पत्र्याची खोली, तिच्यात पंप. वाऱ्याने राख उडून शहरात जाऊ नये म्हणून दिवसभर तिच्यावर पाणी मारत राहायचं, यासाठी एक माणूस ठेवला होता. तोच हरकतदार. साठीचा, वाळका, नाकाला फडकं बांधलेलं, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून दोरीने आवळलेल्या. पंपाच्या धडधडीत त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"अहवाल लिहिणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"वाचला मी!" त्याने फडकं खाली ओढलं. "तीनशे बारा पानं. पंप चालू असला की दुसरं काम काय! पान दोनशे सात. तुम्ही म्हणता इथल्या नदीत सहा जातींचे मासे आहेत. इथे नदी कुठाय?"

"आणि पान एकशे चाळीस. दाट जंगल. मी आपला चारी बाजूंनी फिरून आलो, म्हटलं आपल्यालाच दिसत नसेल." तो चिडून बोलत नव्हता. चुका तपासून दिलेल्या वहीविषयी बोलावं तसं बोलत होता. बावीस वर्षांत तिला मिळालेला हा पहिला वाचक. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यातला एकही नाही, आणि राखेवर पाणी मारणारा माणूस अख्खा अहवाल वाचून बसला होता. तिचे कान तापले. सगळ्या जगाला नावं ठेवत आली होती, आणि या माणसापुढे तिला तोंड वर करता येईना.

"पक्षी कुठे आहे?" तिने विचारलं.

त्याने बोट दाखवलं. पंचवीस-तीस पावलांवर, राखेच्या एका उंचवट्यावर, पक्षी उभा होता. बारीक उंच पाय. चोचीपासून छातीपर्यंत राखाडी, एकसारखा. तो तिच्याकडे बघत होता. चोच उघडत होता, मिटत होता, उघडत होता, आणि आवाज नव्हता. ती आठ वर्षांची होती आणि दाताखाली कचकच येत होती, आणि वर भिंत अर्धी होती. हाच. हाच तो. होता म्हणजे, होता! अण्णा, आहे, बघा, आहे! तिला ओरडायचं होतं, आणि कुणाला तरी दंडाला धरून इथे ओढत आणायचं होतं, साहेबांना, अण्णांना, बशीतल्या चहासकट. डोळ्यांतून पाणी आलं आणि राखेने लगेच चिकट झालं.

"थांबा, नीट ऐकू येईल," म्हणत पंपवाला खोलीत गेला आणि त्याने पंप बंद केला.

टिटिव-टिटिव! टिटिव! टिटिव-टिटिव!

आवाज राखेवरून आडवा कापत आला. कुणालाही ओळखू यावा असा, हजारदा ऐकलेला, साधा, कर्कश आवाज. तिने डोळे पुसले आणि बघितलं. डोळ्यापाशी लाल कातडं होतं, राखेखालून दिसत होतं. पाय पिवळे होते. पाठीवर, जिथे राख कमी होती, तिथे नेहमीचा तपकिरी रंग.

"टिटवी," ती म्हणाली.

"टिटवीच," पंपवाला म्हणाला. "मग काय वाटलं तुम्हाला?"

"मान..."

"उन्हाची अंडी तापतात ना. म्हणून ती पाण्यात जाऊन पोट-छाती भिजवून येते आणि तशीच ओली येऊन बसते. ओल्याला राख धरते. गळ्यापर्यंत लिंपून घेते बिचारी. पिल्लं निघून पाण्याकडे गेली की पंधरा दिवसांत होईल परत स्वच्छ. दरवर्षीचं आहे तिचं." त्याने हाताचा आडोसा करून अंड्यांकडे बघितलं. "अजून दोन आठवडे हवेत."

सिमेंट. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, केसांत, आणि ओल्या छातीच्या टिटवीवर. अण्णांचं बरोबर होतं. सेहेचाळीस वर्षं तिने ज्या वाक्यावर दात धरला ते वाक्य बरोबर होतं, आणि अण्णा बघायला आले नव्हते. न बघता बरोबर! त्या बेटावरही अंडी असणार, म्हणून तर ती अंगावर धावून आली. ते तिने कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. तिला तो वेगळा, दुर्मीळ, एकटा तिलाच दिसलेला हवा होता. साधी टिटवी बुडाली असती तर तिने अण्णांना माफ केलं असतं की काय? आणि मग चाळीस ठिकाणी तिनेही तेच केलं. चहा पिता पिता. तिला मोठ्याने हसू आलं, ओंगळ, घशात अडकणारं, कारण तक्ता एका अर्थी खराच निघाला होता. जिथे म्हणून वीज करायला माणूस उतरतो तिथे हा राखकंठी सापडणारच, कोळशापाशी राखेचा, धरणापाशी सिमेंटचा.

"तुम्हाला माहीत होतं ही टिटवी आहे," ती म्हणाली. "मग सतरा नंबर का लिहिलात?"

"टिटवी तुमच्या यादीत तीन नंबरला आहे, बाई. तिच्यापुढे काय लिहिलंय? 'सर्वत्र आढळते, परिणाम नाही.' त्यावर हरकत घेतली असती तर कागद कुणी उघडला तरी असता का? सतरापुढे लिहिलं होतं काम करू नये. मान राखाडी म्हणून लिहिलं होतं. मान तर राखाडी आहेच की. मी खोटं काय लिहिलं?" त्याने फडकं पुन्हा नाकावर ओढलं. "आता तुम्ही काय लिहिणार?"

ती गाडीकडे परत गेली. सूर्याजी काच खाली करून वाटच बघत होता, हातात मालकांचा कागद आणि पेन. "झालं समाधान? टिटवी आहे ना? मला वाटलंच. कर सही." हाही न बघताच. ओळ डोळ्यांपुढे होती: सदर पक्षी या परिसरात आढळत नाही. सही केली तर सोमवार. सतरा नंबर खरा आहे असं ठोकून दिलं तर खात्याचा माणूस येईल, टिटवी बघेल, हसेल, आणि सोमवारचा बुधवार होईल. तिने कागद उलटा करून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. बॉनेटवर राख बसली होती, कागदाखाली ती करकरली.

ती लिहीत गेली. सतरा नंबरचा पक्षी जगात नाही. तो मी बावीस वर्षांपूर्वी तक्त्यात घातला, जाणूनबुजून. टंकलेखनाची चूक नव्हे. त्यानंतरच्या चाळीस अहवालांत तो नकलून आला आहे, आणि त्याच्यासोबत नदी नसलेल्या जागी मासेही आले आहेत. या प्रकल्पाचं पाचवं प्रकरण मी जागा न बघता लिहिलं आहे. ते रद्द समजावं आणि माणूस पाठवून नव्याने करावं. मग तिने पट्टी नसताना चार उभ्या रेघा ओढल्या, वाकड्या, आणि एकच नोंद केली. क्रमांक एक. टिटवी. अंडी चार, राखेवर, अजून दोन आठवडे. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. चौथ्या रकान्यापाशी तिचा हात थांबला, आणि मग तिने ठसठशीत लिहिलं: प्रत्यक्ष.

सूर्याजी खांद्यावरून वाचत होता. त्याचा चेहरा पडत गेला. "आत्या, अगं हे... अहवाल रद्द झाला तर आमचे सहा महिने गेले. आणि चाळीस? चाळीसच्या चाळीस उकरून काढतील ते! तुझं काय होईल कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग चूक म्हण ना! चूक होते माणसाच्या हातून."

"चूक असती तर चूकच म्हटलं असतं."

"आणि कशासाठी? टिटवीसाठी? साध्या टिटवीसाठी? ती काय, कुठेही असते!"

"हो," ती म्हणाली. तिने फोन काढला, कागदाचा फोटो घेतला आणि खात्याच्या पत्त्यावर पाठवून दिला. गेला. पाचला अजून साडेपाच तास होते. एवढा वेळ राखून तिने कधी काम संपवलं नव्हतं. सूर्याजी कपाळाला हात लावून गाडीत बसला होता. त्याच्या डोळ्यांतली ती भाबडी चमक गेली होती, आणि ती गेलेली बघून तिला मुळीच बरं वाटलं नाही.

"चल," ती म्हणाली. "दाखवते."

"आता काय दाखवतेस? कामं पडलीत, आत्या. फोन करावे लागतील किती जणांना..."

ती दार धरून उभी राहिली. दोनदा त्याचा फोन वाजला, दोन्ही वेळा त्याने फोनकडे बघितलं आणि उचलला नाही. बांधावरून पंपवाला हातात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घेऊन येत होता. सूर्याजीने त्या पिशव्यांकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, आणि उतरला. दोरी नीट आवळता येईना त्याला, पंपवाल्याने खाली बसून आवळून दिली. तिघं राखेतून निघाले. पन्नास पावलं गेले असतील नसतील, तोच समोरून तो आवाज उठला आणि पक्षी सरळ त्यांच्या डोक्यावर चाल करून आला, राखाडी मान ताणून, बोंबलत. सूर्याजी दचकून खाली वाकला आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

"अगं, ही तर टिटवी!" तो ओरडला.

"हो," ती म्हणाली. "टिटवीच होती."